अपशिंग्याचा आकडा आणि खडकीतली नावे

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाचे नाव लोक ‘मिलिटरी’ हे उपपद जोडूनच घेतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जण कामी आले आणि त्यांच्या आठवणीसाठी इंग्रज सरकारने तेथे स्मृतिस्तंभ उभारला, ही हकीकत साताऱ्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. कोकणात आणि देशावर इतरही गावे अशी आहेत, जेथे वेशीजवळ किंवा चावडीच्या भिंतीत एक लहानशी शिळा बसवलेली असते आणि तिच्यावर एवढाच मजकूर असतो, की या गावातून महायुद्धावर इतके पुरुष गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. शिळेवर आकडा असतो, नाव नसते. सरकारला आकडा पुरतो, हळूहळू गावालाही पुरतो. ज्या घरातला मुलगा गेला, त्या घरच्या आईबापांना मात्र तो पुरला असेल असे मला वाटत नाही.

त्या आकड्यामागच्या एकेका नावापर्यंत जाण्याचे जे साधन आज कोणालाही घरबसल्या आणि एक रुपयाही न मोजता वापरता येते, त्याचे हे परीक्षण आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था २१ मे १९१७ रोजी, युद्ध चालू असतानाच, ‘इम्पीरियल’ हे विशेषण लावून स्थापन झाली. १९६० मध्ये ते विशेषण गेले आणि ‘कॉमनवेल्थ’ आले. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांत असताना मृत्यू पावलेल्या सुमारे १७ लाख स्त्रीपुरुषांची थडगी, स्मारके आणि नोंदी ती सांभाळते, आणि तिचे हे काम १५० हून अधिक देशांतील सुमारे २३,००० ठिकाणी चालते. सामान्य माणसाच्या वाट्याला तिच्या सेवेची तीन अंगे येतात: संकेतस्थळावरील मृतांची शोधयादी, तेथूनच छापून घेता येणारे स्मृतिपत्र आणि प्रत्यक्ष दफनभूमी, जिचा एक चांगला नमुना पुण्यात खडकीला आहे. मी ही तिन्ही अंगे सवडीने पाहिली. मुलगा गमावलेल्या आईबापांना नेमके काय हवे असते, हे या संस्थेइतके बारकाईने क्वचितच कोणी ओळखले असेल. आणि तरीही आपल्याकडील आईबापांच्या बाबतीत तिने तेच द्यायचे राहू दिले, असे माझे मत झाले आहे.

तिला ते ओळखता आले, याचे एक कारण असे की तिच्या शिळांवरची भाषा घडवणारा माणूस स्वतःच मुलगा हरवलेला बाप होता. इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत असत. साम्राज्याचा एवढा कडवा कैवारी मराठी वाचकाला जवळचा वाटण्याचे कारण नाही, आणि मुलाला मृत्यूच्या तोंडी देण्यात त्यांचा स्वतःचा हात होता हेही विसरता येत नाही. एकुलता एक मुलगा जॉन याची दृष्टी फार अधू असल्यामुळे आरमाराचा मार्ग बंद झाला होता आणि लष्करानेही त्याला परत पाठवले होते. तेव्हा बापाने आपल्या ओळखीतील माजी सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याकडे शब्द टाकून त्याला आयरिश गार्ड्स पलटणीत अधिकारी म्हणून घेववले. २७ सप्टेंबर १९१५ रोजी फ्रान्समधील लूसच्या लढाईत तो नाहीसा झाला, तेव्हा त्याला अठरावे वर्ष पूर्ण होऊन सहा आठवडेही उलटले नव्हते. तो जखमी व बेपत्ता आहे, एवढेच घरी कळवण्यात आले.

बेपत्ता या शब्दाने आईबापांना धड रडताही येत नाही. किपलिंग आणि त्यांची पत्नी कॅरोलाइन त्या पलटणीचे परत आलेले जखमी शिपाई गाठून, आमच्या मुलाला शेवटचे कोणी पाहिले, हे विचारत राहिले, आणि तो आता येणार नाही हे मान्य करायला त्यांना काही वर्षे लागली. आपल्याकडे बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहून पालाशविधी करण्याची चाल आहे. पळसाच्या पानांचा देह रचून त्यालाच अग्नी देतात. शास्त्रकारांनी ही सोय कोणाची अवस्था पाहून करून ठेवली असेल, ते अशा वेळी कळते.

संस्था स्थापन झाली त्याच वर्षी किपलिंग तिच्या कामात आले आणि शिळांवरील मजकुराबाबत तिला सल्ला देऊ लागले. मोठ्या दफनभूमींतील स्मरणशिळेवर ‘त्यांचे नाव सदैव जिवंत राहते’ या अर्थाचे जे वचन कोरलेले असते ते त्यांनी सुचवले, आणि ज्या देहाची ओळख पटली नाही त्याच्या थडग्यावर येणारे ‘देवाला ठाऊक’ या अर्थाचे शब्दही त्यांचेच. पहिले वचन कोणाही विद्वानाला धर्मग्रंथातून काढून देता आले असते. दुसरे शब्द मात्र ज्याच्या मुलाचा देह अजून कोठेतरी चिखलात आहे, अशा माणसाचे वाटतात. १९२० मध्ये, मृतदेह मायदेशी आणू द्यावेत आणि थडग्याचे रूप घरच्यांना ठरवू द्यावे, ही मागणी घेऊन इंग्लंडमधील हजारो आईबाप संस्थेच्या विरोधात उभे राहिले होते. ४ मे रोजी ब्रिटिश संसदेत त्यावर वाद झाला, तेव्हा किपलिंग यांचे एक पत्र वाचून दाखवण्यात आले. त्यात त्यांनी लिहिले होते की आम्हाला भेट द्यायला थडगेच कधी असणार नाही, आणि ज्यांना ठाऊक असलेल्या जागी नाव कोरलेली शिळा मिळाली आहे, ते किती भाग्यवान आहेत हे या तक्रार करणाऱ्यांना कळले असते तर बरे झाले असते. आईबापांविरुद्ध आईबापांची साक्ष काढण्याची ही तऱ्हा मला थोडी निष्ठुर वाटते. पण संस्थेची बाजू त्या दिवशी टिकली, आणि आज जगभर दिसणाऱ्या एकसारख्या पांढऱ्या ओळी तिच्यामुळेच उभ्या आहेत.

जॉनचे नाव लूसच्या स्मारकाच्या भिंतीवर कोरले गेले. बाप १९३६ मध्ये गेला, आई १९३९ मध्ये. १९९२ मध्ये संस्थेने तेथून जवळच असलेल्या सेंट मेरीज दफनभूमीतील एका अनामिक आयरिश गार्ड्स अधिकाऱ्याचे थडगे जॉनचेच असल्याचे ठरवून शिळा बदलली. त्यावर आक्षेप आले, पुढे आक्षेपांनाही उत्तरे आली. सत्याहत्तर वर्षांनंतरही एका नोंदीवर काम चालू राहते, ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे असे मी मानतो. शेतात नांगराला किंवा इमारतीच्या पायात सापडलेले सांगाडे आजही पूर्ण इतमामाने पुरले जातात, आणि लूसच्या दफनभूमीला त्यासाठी २०२४ मध्ये नवा भाग जोडावा लागला.

आता संस्थेने आईबापांना दिले काय, ते पाहू. शिळेची उंची ८१ सेंटिमीटर, रुंदी ३८ सेंटिमीटर. सेनापती असो वा शिपाई, माप एकच. वर पलटणीचे चिन्ह, मग क्रमांक, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख, वय, धर्मचिन्ह, आणि तळाशी घरच्यांना हवी ती एक ओळ. ही ओळ ६६ अक्षरांत, दोन शब्दांमधील मोकळ्या जागा धरून, बसवावी लागे आणि पहिल्या महायुद्धानंतर तिच्यासाठी अक्षरामागे साडेतीन पेन्स आकारले जात. पुढे ही रक्कम ऐच्छिक केली गेली. न्यूझीलंडच्या सरकारने ही ओळच नाकारली, कारण कोणाला चांगले लिहिता येते आणि कोणाला नाही, यातूनही विषमता येते असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटत नाही. सरकारी मापाच्या शिळेवर आईबापांच्या मालकीची तेवढीच जागा असते. शिवाय संस्था प्रत्येक घरी एक छापील अर्ज पाठवून मुलाचे वय, आईबापांची नावे व पत्ता विचारून घेई, आणि त्यामुळे नोंदीत ‘अमुक व अमुक यांचा मुलगा, राहणार अमुक’ अशी एक ओळ आली. शोधयादी उघडल्यावर मी सर्वांत आधी वाचतो ती हीच ओळ.

खडकीची दफनभूमी मुळा रस्त्यावर आहे. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ जण येथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी पुरलेल्यांना, त्या जागी कायमची देखभाल होण्याची खात्री नसल्यामुळे, नंतर येथे आणले गेले. एखाद्या सेवेचे परीक्षण करताना मी तिची दुर्लक्षित कोपऱ्यातील कामे पाहतो, म्हणून येथे मी मधल्या क्रूसापाशी न थांबता शेवटच्या ओळींपर्यंत चालत गेलो. शिळांच्या पायथ्याशी फुलझाडांचा अरुंद पट्टा असतो, आणि तो केवळ शोभेसाठी नसतो. उघड्या मातीवर पाऊस कोसळला की चिखलाचे शिंतोडे अक्षरांवर उडतात. बुटकी झाडे ते अडवतात आणि नाव झाकतही नाहीत. जो मुलगा कधी मुळा नदी पाहायलाही आला नसता, त्याच्या नावावर पुण्याच्या पावसाचा चिखल उडू नये याची कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी बसून योजना केली, ही गोष्ट माझ्या दृष्टीने त्या सगळ्या भव्य वचनांपेक्षा मोठी आहे. या दफनभूमींत नावांची वही ठेवण्याचीही पद्धत आहे. तिच्यात नाव काढायचे, ओळीचे अक्षर आणि थडग्याचा क्रमांक पाहायचा आणि थेट तेथे जायचे. दूरवरून आलेल्या म्हाताऱ्या आईला ओळीमागून ओळ धुंडाळत फिरावे लागू नये, एवढाच तिचा उद्देश.

त्या तळच्या ओळी वाचताना माणूस सावकाश होतो. आई, बाबा, भावंडे असा शेवट असलेल्या, बायबलातल्या, साध्या. इंग्लंडमधील बहुतेक आईबापांना हिंदुस्थानात येणे कधीच परवडणार नव्हते, त्यामुळे ही ओळ त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली नाही. लीड्सच्या आईला खडकी जितकी दूर, तितकेच कऱ्हाडच्या आईला इराकमधले बसरा दूर होते. येथपर्यंत दोघींची गोष्ट सारखीच आहे.

याच आवारात १९१४ ते १९१८ या युद्धाचेही स्मारक आहे. त्यावर १,८०० हून अधिक नावे आहेत; भारतात आणि आजच्या पाकिस्तानात मृत्यू पावून नागरी दफनभूमींत पुरलेल्या, पण जेथे थडगे सांभाळणे शक्य राहिले नाही, अशा सैनिकांची. म्हणजे थडगे हरवले तर निदान भिंतीवर नाव तरी द्यायचे, हा नियम येथे पाळला गेला. आणि याच खडकीत बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाचे मुख्य ठाणे आहे, ज्यांच्या २० आणि २१ क्रमांकांच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समध्ये न्यू शापेल गावात संगिनी घेऊन शिरल्या आणि ज्यांची त्या दिवशी भयंकर हानी झाली. फ्रान्समधील त्या गावाजवळ आज भारतीय सैनिकांचे स्मारक आहे, आणि थडगे नसलेल्या ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे त्यावर आहेत. फ्रान्सपुरता तरी हा नियम भारतीयांनाही लागू होता, असे म्हणता येईल.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तो लागू झाला नाही, आणि मराठी घरांचा खरा संबंध तेथेच येतो. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी जनरल टाउनशेंड यांच्या फौजेत होत्या; टेसिफॉनची लढाई, तुर्कांनी घातलेला कूतचा वेढा आणि २९ एप्रिल १९१६ रोजीची शरणागती हे सारे त्यांच्या वाट्याला आले, आणि शरणागतीनंतरच्या कैदेत किती जण संपले ते वेगळेच. त्या मोहिमेत थडग्यावाचून राहिलेल्या ४०,००० हून अधिक मृतांचे स्मारक बसऱ्याला उभारले गेले. त्या भिंतींवर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, भारतीय अधिकाऱ्यांची नावे आहेत, पण सामान्य भारतीय शिपायांचे नाव नाही. पलटणीचे नाव आणि त्यापुढे मेलेल्यांचा आकडा, एवढेच. अपशिंग्याला आकडा आणि बसऱ्यालाही आकडा. मधल्या मध्ये मुलगा कोठेच नाही. हे स्मारक मुळात माकील येथील गोदीवर होते आणि १९९७ मध्ये इराकच्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने ते नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर दूर वाळवंटात हलवण्यात आले, त्यामुळे तेथे जाऊन पाहण्याची गोष्ट आता दूरच राहिली.

हिंदूंचे दहन होते, मग थडगे कसले आणि शिळा कसली, असे समर्थन त्या काळी सोयीचे होते. परंतु दहन झालेल्यांची नावे भिंतीवर कोरायला कोणतीच अडचण नव्हती, हे न्यू शापेलने दाखवून दिले होते. खरे कारण त्या काळच्या कागदपत्रांत उघड आहे: आफ्रिकेतील गोल्ड कोस्टचे गव्हर्नर गुगिसबर्ग यांनी १९२३ मध्ये असे मत दिले होते की तेथील सामान्य माणसाला थडग्याच्या शिळेचे महत्त्व कळणार नाही. वीरगळांच्या प्रदेशातून हे वाक्य वाचताना हसू येते. आपल्या गावोगावी देवळाबाहेर ऊनपावसात उभे असलेले वीरगळ, खालच्या चौकटीत लढाई, वर अप्सरांसोबतचे प्रयाण, सर्वांत वर शिवपूजा, हे सारे शिळेचे महत्त्व न कळणाऱ्यांनी कोरले असेल काय? अनेक वीरगळांवरही नाव नसते, हे मी जाणतो. पण तो कोणाचा, हे उभारणाऱ्या घराला ठाऊक असे. नाशिकला धुळवडीच्या दिवशी घरातल्या वीरांचे टाक मिरवत गोदावरीवर नेतात, त्या टाकांवर तरी कोठे नाव असते? ते घर सांगते. घराची आठवण चार पिढ्यांत विरली की मग मात्र नोंदवही लागते, आणि त्या वेळी नोंदवहीत केवळ आकडा असेल तर हात रिकामेच राहतात.

संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध केला आणि क्षमा मागितली. अहवालाप्रमाणे भारतीय, आफ्रिकी, इजिप्शियन व सोमाली मृतांपैकी ४५,००० ते ५४,००० जणांचे स्मरण इतरांपेक्षा कमी दर्जाने झाले, आणि किमान १,१६,००० जणांचे, कदाचित ३,५०,००० पर्यंत, नावाने स्मरण झालेच नाही. त्यानंतर काम सुरू झाले आहे. केपटाउन येथे जानेवारी २०२५ मध्ये उघडलेल्या स्मारकावर १,७७२ कृष्णवर्णी मजूरदल सैनिकांची नावे आली, एकेका लाकडी स्तंभावर एकेक. खर्चाचा हिशेबही येथे सांगण्याजोगा आहे. सहा सदस्य सरकारे थडग्यांच्या संख्येच्या प्रमाणात वर्गणी देतात: ब्रिटन तीन चतुर्थांशाहून अधिक, भारत साधारण १ टक्का. पहिल्या महायुद्धात सुमारे ७४,००० आणि दुसऱ्यात सुमारे ८७,००० भारतीय सैनिक मेले, तरी मोजायला थडगी कमी, म्हणून वर्गणी कमी. हिशेबात चूक नाही, पण तो वाचून बरे वाटत नाही.

असे असूनही मी या सेवेची शिफारस करतो, आणि ती शोधयादीमुळे. जे भिंतीवर कोरले गेले नाही, त्यातले बरेचसे स्मरणवह्यांत होते, आणि ते आता संकेतस्थळावर आले आहे. बसऱ्याच्या भिंतीवर आकड्यात बुडालेला शिपाई येथे क्रमांक, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि अनेकदा बापाचे नाव व गाव यांसह स्वतंत्र पानावर भेटतो. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदींत आईचे नावही पुष्कळदा असते. त्या युद्धापर्यंत पद्धतही बरीच सुधारली होती: १० जुलै १९४४ रोजी इटलीत बाविसाव्या वर्षी पडलेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे, आणि माणगावला त्यांचा पुतळा आहे.

शोध घेताना मात्र मराठी माणसाने काही गोष्टी ध्यानात धराव्यात, कारण यादी इंग्रजीत आहे आणि नावे कारकुनांनी कानाला जशी लागली तशी उतरवली आहेत. आडनावाने सुरुवात करू नये. पहिल्या युद्धातील अनेक शिपायांच्या नोंदींत आडनाव असतेच असे नाही, किंवा ज्याला आपण पाळण्यातले नाव म्हणू तेच आडनावाच्या रकान्यात बसलेले असते. प्रगत शोधात ‘अतिरिक्त माहिती’ असा रकाना आहे, त्यात गावाचे किंवा जिल्ह्याचे नाव टाकावे. रायगड तेव्हा कुलाबा होता, सिंधुदुर्ग रत्नागिरीत होता. मराठा पलटणींचे नाव जुन्या हिज्ज्याने, म्हणजे मधल्या ‘एच’सह आणि दोन ‘टी’ घालून, लिहावे लागते. सेवा केलेल्या सैन्याच्या रकान्यात ‘इंडियन आर्मी’ निवडले की यादी आटोक्यात येते. कोकणातल्या दर्यावर्दी घरांनी सैन्याऐवजी मुंबईच्या स्मारकाकडे वळावे. मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या २,००० हून अधिक खलाशांचे स्मारक आहे. घरातील जुन्या पेटीत ब्राँझची, साधारण बारा सेंटिमीटर व्यासाची, सिंह व ब्रिटानिया या ब्रिटनच्या प्रतीकदेवीचे चित्र असलेली चकती असेल तर ती मोडीत घालू नये. ती मृताच्या वारसाला मिळत असे आणि तिच्यावर पूर्ण नाव असते. हुद्दा नसतो, पलटण नसते, त्यामुळे शोधाला तिची जोड उपयोगी पडते.

गुण द्यायचेच झाले तर खडकीच्या देखभालीला मी पैकीच्या पैकी देईन, शोधयादीला तिच्या खटपटीसह दहापैकी आठ, आणि बसऱ्याला काहीच नाही.

नोंद सापडली, की स्मृतिपत्र लगेच छापता येते; त्याला पैसे पडत नाहीत. माझ्या मते त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट तारीख आहे. ज्याची मृत्युतिथी ठाऊक नाही त्याचे श्राद्ध घरोघर सर्वपित्री अमावास्येला उरकले जाते, आणि शस्त्राने मेलेल्याचे भाद्रपद वद्य चतुर्दशीला करतात. पण गेलेल्याचा नेमका दिवस कळला, तर जुन्या पंचांगावरून त्याची तिथी काढता येते, आणि पणजोबांच्या त्या भावाला शंभर वर्षांनी स्वतःचा दिवस मिळतो. स्मृतिपत्र इंग्रजीत असते. त्याच्या खाली घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाकडून ते नाव देवनागरीत लिहून घ्यावे, कारण तो राणू होता की रानू, धोंडी होता की दोंडी, हे कारकुनाच्या अक्षरावरून आता सांगता येत नाही.